कचराभूमीवरचे रान : महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची वाटचाल

शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस आगाराच्या समोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, ते लोकांसाठी खुले झाले. त्या दिवसाला तीसहून अधिक वर्षे झाली. तेव्हा शाळेच्या सहलीतून आलेली मुले आता स्वतःच्या मुलांचे बोट धरून येतात. त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते, की ज्या पायवाटेवरून आपण चाललो आहोत तिच्याखाली मुंबईचा कचरा आहे.

हे ३७ एकरांचे रान निसर्गाने आयते दिलेले नाही. मुंबईत राखलेली जंगले आहेत, तशीच देखण्या बागाही आहेत. पण शहराने टाकून दिलेल्या जमिनीवर, मुळापासून उभे केलेले रान म्हणून या उद्यानाची जागा वेगळी आहे. त्यामुळे त्याचा इतिहास नुसता इमारती, पदाधिकारी आणि ठराव यांत मावत नाही. तो आधी मातीचा सांगावा लागतो, मग झाडांचा, मग पाखरांचा. आणि या तिन्हींसाठी राबलेल्या माणसांचा तर पानोपानी.

१९७७ पूर्वी : खाडी, कोळीवाडा आणि कचरा

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. मुखाजवळ तिचे पाणी गोडेही नसते आणि पुरते खारेही नसते. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला चिखल उघडा पडतो. या चिखलात तिवरांची राने होती, चिंबोऱ्या होत्या, निवट्या होत्या आणि त्यांच्यावर जगणारी कोळ्यांची वस्ती होती. धारावी हे मूळचे मासेमारांचे गाव. धारावी कोळीवाडा हे नाव अजून त्याची साक्ष देते.

शहर वाढले तशी खाडी आवळत गेली. १८४५ मध्ये लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा कॉजवे झाला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत भरावावर भराव पडले. कातडी कमावण्याचे धंदे शहराच्या मध्यातून निघून धारावीत आले, कामाच्या शोधात आलेली माणसे आली, वस्ती दाट झाली. दलदलीची जमीन ही वाया गेलेली जमीन, ती बुजवली तर शहराचा फायदाच, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. याच समजुतीतून मिठीच्या दक्षिण काठावरच्या या तुकड्यावर महानगरपालिकेचा कचरा पडू लागला आणि वर्षानुवर्षे पडत राहिला.

कचराभूमी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिचे वर्णन करून सांगायला नको. धुमसणारे ढीग, माथ्यावर फिरणाऱ्या घारी, ढिगांवर चरणारे गायबगळे आणि कावळे, पावसात खाली झिरपून नदीला मिळणारे काळे पाणी. आणि त्या ढिगांतून काच, पत्रा, प्लास्टिक वेगळे काढून पोट भरणारी माणसे. त्यांचा उल्लेख या इतिहासात व्हायलाच हवा, कारण या जमिनीवर सर्वांत आधी कष्ट त्यांनी केले. १९७७ मध्ये इथे कचरा टाकणे थांबले. मागे उरली ती बोडकी, घाण वास मारणारी, कुणालाच नको असलेली जमीन.

१९७७–१९८७ : कल्पना आणि पहिली रोपे

बृहन्मुंबई परिसराच्या नियोजनासाठी १९७५ मध्ये प्रादेशिक विकास प्राधिकरण स्थापन झाले होते. मिठीच्या उत्तर काठावर आज वांद्रे-कुर्ला संकुल म्हणून जे ओळखले जाते, त्याची आखणी तेव्हा सुरू होत होती. दक्षिण काठावरच्या या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न मोकळाच होता. मुंबईत मोकळ्या जमिनीचा प्रश्न फार दिवस मोकळा राहत नाही. तिथे गाळे, गोदामे किंवा इमारती झाल्या असत्या तरी कुणाला नवल वाटले नसते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने एक सूचना पुढे केली : या जागी निसर्ग उद्यान करावे. ही शाखा १९६९ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे तशी तरुण. पण तिच्या पाठीशी मुंबईतल्या निसर्गअभ्यासाची जुनी परंपरा उभी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये या शहरात सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात शतक पूर्ण करत होती. त्या परंपरेचे सर्वांत ज्येष्ठ प्रतिनिधी डॉ. सालिम अली या कल्पनेच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

ही मागणी तेव्हा किती वेगळी होती, हे आज चटकन लक्षात येत नाही. सार्वजनिक बाग म्हटली की हिरवळ, कारंजे, कातरलेली मेंदीची कुंपणे, बाके आणि झोपाळे असा नमुना ठरलेला होता. निसर्ग उद्यानात यातले काही नको होते. झाडे इथल्या मातीची हवीत, ती आपल्या कलाने वाढू द्यावीत, पडलेले पान उचलू नये, वाळलेले खोडही सुतारपक्ष्यासाठी राखावे आणि माणसाने पायवाटेवरूनच चालावे, हा त्यामागचा विचार. शिवाय हे सगळे कुठे, तर शहरातल्या सर्वांत दाट वस्तीच्या दाराशी. ज्या मुलांना डोंगर-रान पाहायला दूर जाणे परवडत नाही त्यांच्या घराजवळच रान आणून ठेवायचे, ही गोष्ट या योजनेच्या गाभ्याशी होती आणि तिचे मोल आम्हांला आजही सर्वांत जास्त वाटते.

प्राधिकरणाने योजना हाती घेतली. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात लागवडीला आरंभ झाला तो डॉ. सालिम अलींच्या हस्ते. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. खाडीच्या पलीकडे, वांद्र्याच्या पाली हिलवर त्यांचे घर होते. माहीमच्या खाडीचा हा परिसर त्यांच्या रोजच्या पाहण्यातला. १९८७ मध्ये ते गेले. त्यांनी पाहिली ती केवळ रोपे. त्या रोपांच्या सावलीत बसायला पुढची पिढी आली.

रोपे लावणे हा यातला सोपा भाग होता. कचऱ्यावर झाड जगवणे किती अवघड असते, याची कल्पना यावी म्हणून थोडे खोलात जातो.

कुजणारा कचरा जमिनीखाली स्वस्थ बसलेला नसतो. तो कुजताना उष्णता निघते आणि मिथेनसारखे वायू तयार होतात. हे वायू जमिनीतली हवा बाहेर ढकलतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की वरून पाणी घालूनही रोप कोमेजते. कचऱ्याचा ढीग सर्वत्र सारखा बसतही नाही. एखाद्या पावसाळ्यात कुठे जमीन खचते, कुठे पाणी साचते आणि वर्षभर सांभाळलेले झाड कलते. त्यातच शेजारी खारी नदी, म्हणजे खालून चढणारा खार. कचऱ्यावर मातीचा थर पसरावा लागतो, आणि तो पातळ असेल तर मुळे दोन-तीन वर्षांतच खालच्या थरात पोहोचतात. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

अशा जमिनीवर कोणते झाड तगते, हे पुस्तकात वाचून पुरते कळत नाही. समुद्रकाठच्या भेंडाला खाऱ्या जमिनीचे भय नसते. करंजही खार सोसते, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, त्यामुळे ते स्वतः जगता जगता पुढच्या झाडासाठी माती तयार करते. शिरीष, पांगारा हेही त्याच कुळातले. वड, पिंपळ, उंबर तर जुन्या इमारतीच्या भेगेतही रुजतात. त्यांना अशी जागा परकी नसते. आधी काटक झाडांनी सावली धरायची, त्यांची पाने पडून कुजायची, त्या पानांखाली गांडुळे आणि वाळवी यायची आणि मग जांभूळ, बकुळ, कदंब, सीताअशोक अशा नाजूक झाडांची पाळी. या क्रमाला घाई चालत नाही. उन्हाळ्यात पाणी घालणारे, आळी करणारे, मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावणारे माळी आणि मजूर यांनी ही वर्षे अक्षरशः ओढून नेली. त्यांच्या कामाला उद्घाटनाचे समारंभ नसतात. पण आज इथे जे हिरवे दिसते त्याचा पाया त्यांच्याच हातचा आहे.

१९८७–१९९४ : रानाला नाव मिळाले

दहा वर्षांच्या आत झाडांनी जमीन धरली. ऊन जमिनीपर्यंत पोहोचेनासे झाले आणि पालापाचोळ्याचा पहिला जाड थर बसला. कचराभूमीवर पाखरे पूर्वीही होती, पण ती उकिरड्यावर पोसणारी. आता झाडावर राहणारी पाखरे येऊ लागली. हा बदल कोणत्याही अहवालापेक्षा बोलका होता. बुलबुल, कोकीळ, तांबट ही फळे खाणारी पाखरे एकदा वस्तीला आली की लागवडीचे अर्धे काम तीच करतात. वड-उंबराची फळे खाऊन ती दुसरीकडे बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेले बी भलत्याच जागी रुजते. माणसाने ओळीत लावलेली झाडे आणि पाखरांनी मन मानेल तिथे लावलेली झाडे यांची सरमिसळ झाली, आणि लागवडीला रानाचे रूप येऊ लागले.

१९९१ मध्ये या जमिनीला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला. कागदावरची ही नोंद पुढच्या काळात किती मोलाची ठरली, हे पुढे येईलच. या वर्षांत निसर्ग शिक्षण केंद्राचे काम झाले, पायवाटा आखल्या गेल्या, औषधी वनस्पतींचा विभाग आणि रोपवाटिका उभी राहिली. पावसाचे पाणी साठवण्यासाठी तळे झाले. या तळ्याविषयी आवर्जून सांगायला हवे. मुंबईत पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने झाडांना पाणी बाहेरून आणावे लागते. इथे भूजलावर विसंबता येत नव्हते, कारण खाली कचरा आणि शेजारी खार. त्यामुळे छतांवरचे आणि उतारांवरचे पाणी धरून ठेवणे हा शोभेचा भाग नव्हता, झाडे जगवण्याची ती अटच होती.

उद्यान कसे असावे, किती बांधावे, किती मोकळे ठेवावे यावर या काळात साहजिकच मतमतांतरे झाली. प्रत्येकाला या जागेबद्दल कळकळ होती, आणि जिथे कळकळ असते तिथे आग्रहही असतात. सर्वांच्या समंजसपणामुळे झाडांना अग्रक्रम मिळाला, ही समाधानाची गोष्ट. आणि मग २२ एप्रिल १९९४ उजाडला.

१९९४–२००४ : शाळेची वाट उद्यानाकडे

पहिल्या दशकाची कमाई म्हणजे मुले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण शाळा-महाविद्यालयांत सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते, आणि २००३ मध्ये पुन्हा त्याची अंमलबजावणी करायला सांगितले. शाळांपुढे अडचण होती ती शिकवायचे कसे, याची. वर्गात फळ्यावर अन्नसाखळी काढून मुलांना काय कळणार? उद्यानाने शाळांना जागा दिली आणि ती समजावून सांगणारी माणसेही दिली.

इथली एक फेरी कशी असते, ते थोडक्यात सांगतो. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे एखादे रोप गाठायचे आणि मुलांना पानांवर पाहायला सांगायचे. पहिल्यांदा त्यांना काहीच दिसत नाही. मग कुणीतरी ओरडते, ‘पानावर पाखराची घाण पडलीय!’ ती घाण नसते. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी असते. खाणाऱ्याला किळस यावी असे सोंग तिने घेतलेले असते. तीच अळी मोठी झाली की पानासारखी हिरवीगार होते. डिवचली की डोक्यामागून लाल, दुभंगलेली शिंगासारखी नळी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल घरी जाऊन कुंडीतल्या कढीपत्त्यावर औषध मारू देत नाही. आमच्या दृष्टीने हेच शिक्षणाचे फळ.

गांडूळखत, रोपवाटिकेचे काम, औषधी वनस्पतींची ओळख, पक्षीनिरीक्षण, कोळी-कीटकांची ओळख असे उपक्रम या दशकात रुजले. २ फेब्रुवारीचा पाणथळ दिन, २१ मार्चचा वन दिन, २२ एप्रिलचा वसुंधरा दिन, ५ जूनचा पर्यावरण दिन हे दिवस वर्षाच्या कामाचे टप्पे ठरले. २००२ मध्ये मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक झाले. मग ते प्रत्यक्ष पाहायला सोसायट्यांची माणसे आणि वास्तुविशारद येऊ लागले. कार्यक्रम आखणारे, वाटाड्या म्हणून काम करणारे, दर रविवारी आपला वेळ देणारे स्वयंसेवक यांची एक फळी या वर्षांत तयार झाली. त्यांतले कित्येक पुढे वनखात्यात, संशोधनात, शिक्षकी पेशात गेले.

२००५–२०१४ : महापूर आणि तिवरे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीला पूर आला. शहराला तोवर ती नदी आहे याचाच विसर पडला होता. बहुतेकांच्या लेखी तो एक मोठा नाला होता. त्या दिवशी भरतीचे पाणी वर येत होते, पावसाचे खाली धावत होते आणि नदीला पसरायला जागा उरली नव्हती. तिच्या पसरण्याच्या जागा आपणच भरून टाकल्या होत्या. आमच्या पायाखालची जमीनही त्याच भरावातली, हे आम्ही लपवत नाही. पण बांधकामाने झाकलेली जमीन आणि झाडांनी झाकलेली जमीन यांत पाणी शोषण्याच्या बाबतीत केवढा फरक असतो, हे त्या दिवसानंतर पटवून द्यावे लागले नाही.

त्याच ऑगस्टमध्ये मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील तिवरांच्या तोडीवर बंदी घालणारा आदेश दिला, आणि २०१२ मध्ये शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू केला. नदीकाठच्या तिवरांकडे पाहण्याची शहराची नजर या सात-आठ वर्षांत बदलली. ती बदलण्यात आमच्या नदीकडेच्या पायवाटेचाही वाटा आहे.

या वाटेवर आलेल्या पाहुण्याला आम्ही एक गोष्ट हमखास करायला सांगतो. तिवराचे एक पान, न तोडता, उलटे करून उन्हात धरायचे. पानावर बारीक चकाकणारे कण दिसतात. ते मीठ असते. खाऱ्या पाण्यात उभे राहून तिवर जादा मीठ पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकते. मग नजर चिखलाकडे न्यायची. चिखलातून बोटभर उंचीच्या शेकडो काड्या उभ्या दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळेच वर काढून श्वास घेते. ओहोटीला या काड्यांमधून निवट्या उड्या मारत जातात, एक नांगी मोठी असलेले खेकडे आपापल्या बिळाशी नांगी हलवत बसतात आणि त्यांच्यावर डोळा ठेवून वंचक अर्धा-अर्धा तास एका जागी उभा राहतो.

आणि याच श्वसनमुळांना प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात. हे लिहिताना हात जड होतो, पण इतिहासात ते यायला हवे. १९७७ मध्ये इथे कचरा टाकणे बंद झाले, तरी मिठी तो रोज आणते. पिशवीने वेढलेली मुळे गुदमरतात. स्वयंसेवक, महाविद्यालयीन विद्यार्थी, कंपन्यांचे कर्मचारी वेळोवेळी येऊन चिखलात उतरतात आणि पिशव्या काढतात. पुढच्या भरतीला नव्या येतात. या कामाचा शेवट उद्यानाच्या कुंपणात नाही. तो नदीच्या वरच्या अंगाला, घराघरांत आणि कारखान्यांत आहे.

२०१५–२०२४ : फुलपाखरे, साथ आणि एक निर्वाळा

२०१५ मध्ये ब्लू मॉर्मन अर्थात नीलवंत हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. असे मानचिन्ह निवडणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्यानंतर फुलपाखरांकडे पाहणाऱ्यांची संख्या वाढली आणि उद्यानाच्या फुलपाखरू विभागाला नवे दिवस आले. नीलवंताची अळी लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढते, प्लेन टायगरची रुईवर, कॉमन एमिग्रंटची बहाव्यावर, रेड पिअरोची पानफुटीवर. फुलपाखरू हवे तर नुसती फुले लावून भागत नाही, अळीचे खाद्य लावावे लागते आणि पाने कुरतडलेली दिसली तरी ती तशीच राहू द्यावी लागतात. हे सूत्र इथे शिकून पुष्कळांनी आपल्या गच्चीत आणि सोसायटीत लहान बागा केल्या.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे उद्यानाचे दरवाजे बंद झाले. धारावी तेव्हा साऱ्या देशाच्या नजरेत होती. उद्यानाशेजारी २०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. त्या दिवसांतही रोपांना पाणी लागत होते आणि ते देणारी माणसे येत होती. त्यांनी केलेल्या कामाबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्याच वर्षी राज्य शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा. ज्यांच्या हातून इथे लागवडीला आरंभ झाला त्यांच्या नावाने हा सप्ताह साजरा होतो, याचे अप्रूप आम्हां सर्वांना आहे. २०२० मध्येच पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मानचिन्हांच्या यादीत आली, आणि नदीकडेच्या फेरीत सांगायला आणखी एक गोष्ट मिळाली.

या दशकात काळजीचे प्रसंगही आले. शेजारी धारावीच्या पुनर्विकासाची मोठी योजना आकाराला येत होती. उद्यानाची जमीन त्यात जाईल का, अशी शंका निसर्गप्रेमींच्या मनात होती आणि ती त्यांनी उघडपणे मांडली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयापुढे सांगण्यात आले की महाराष्ट्र निसर्ग उद्यान पुनर्विकास प्रकल्पाचा भाग नाही. १९९१ च्या त्या संरक्षित वनाच्या नोंदीचे मोल या वेळी कळले. ज्या नागरिकांनी, अभ्यासकांनी आणि संस्थांनी या काळात उद्यानाची बाजू लावून धरली, त्यांचे आभार मानणे हे आमचे कर्तव्यच आहे. धारावीच्या माणसांना चांगली घरे मिळायला हवीत, यात दुमत नाही. पण घरांबरोबर त्यांना हे रानही हवे. त्या वस्तीतल्या मुलांइतका या झाडांवर हक्क दुसऱ्या कुणाचा नाही.

आज

आज उद्यानात कोणत्याही सकाळी शिरले की आधी ऐकू येतो तांबट. ठोके घातल्यासारखा त्याचा एकसुरी आवाज वरच्या फांद्यांतून येत असतो, पण पाखरू दिसायला मान बरीच उंच करावी लागते. खाली पाचोळ्यात दयाळ उतरलेला असतो, झुडपात नाचण शेपटीचा पंखा करून फिरत असतो, शिंजिर फुलांपाशी भिरभिरतो. भारद्वाज दबक्या पावलांनी वाट ओलांडतो. हिवाळ्यात हळद्या आणि स्वर्गीय नर्तक येतात, नदीकाठी तुतवार आणि धोबी दिसू लागतात. वरून घारींचे आणि अधूनमधून शिक्र्याचे लक्ष असतेच. उंबराला फळ धरले की त्या एका झाडाखाली उभे राहावे. बुलबुल, कोकीळ, तांबट, पोपट आणि रात्री वटवाघळे, असे पाळीपाळीने जेवण चाललेले असते. प्रत्येक उंबराच्या पोटात चिमुकल्या गांधीलमाशीचा संसार असतो. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही. शहराच्या मध्यावर ही माशी आणि ते झाड एकमेकांना सापडले, यातच या रानाचे यश दिसते.

पुनरुज्जीवनाचे काम मात्र संपलेले नाही, आणि ते संपेल असे कुणी मानतही नाही. ऐंशीच्या दशकात सगळ्याच लागवडींत सुबाभूळ आणि गिरिपुष्प यांसारखी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावण्याची पद्धत होती. बोडकी जमीन लवकर झाकायची म्हणून त्यांचा उपयोग झाला, पण आपल्याकडच्या किडे-पाखरांना ती थोडीच पोसतात. अशा झाडांची जागा देशी झाडांनी घ्यावी, पण एका दमात तोड होऊन सावली आणि घरटी जाऊ नयेत, असा तोल धरावा लागतो. घाणेरीचेही तसेच. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात, म्हणून ती पाहुण्यांना आवडते. मोकळी सोडली तर ती खालचे काहीच उगवू देत नाही. म्हणून ती ठरावीक जागी राखायची आणि बाकीची पावसाआधी मुळासकट काढायची. कुदळीने खणताना आजही माती संपते आणि काचेचे तुकडे, चपलांचे तळ, न कुजलेल्या पिशव्या वर येतात. नव्या स्वयंसेवकांना हा थर आम्ही मुद्दाम दाखवतो. त्याच्या वरची काळी, भुसभुशीत माती हातात देतो. ती कुठून विकत आणलेली नाही. चाळीस वर्षांच्या पानगळीतून ती इथेच तयार झाली आहे.

सध्या रोपवाटिकेत देशी झाडांची रोपे तयार होतात आणि शाळा, सोसायट्या, हौशी माणसे ती घेऊन जातात. शाळांच्या फेऱ्या, पक्षी आणि फुलपाखरांच्या नोंदी, खतनिर्मितीची प्रात्यक्षिके, छायाचित्रण आणि कोळी-कीटकांच्या अभ्यासाच्या सहली वर्षभर चालू असतात. नोंदींचे काम वाढवायचे आहे. कोणते झाड केव्हा फुलले, कोणते पाखरू हिवाळ्यात पहिल्यांदा कधी दिसले, ओहोटीच्या चिखलात निवट्या वाढल्या की घटल्या, हे एकाच जागी वर्षानुवर्षे लिहून ठेवले तर मुंबईच्या बदलत्या हवामानाचा तो भरवशाचा दस्तऐवज होईल. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नेमाने येणारी, पाहिलेले तारखेसह लिहून ठेवणारी माणसे हवीत. माळीकाम, नदीकाठची सफाई आणि शाळांच्या फेऱ्या यांसाठीही हात कमी पडतात. पाऊस सुरू झाला की पहिल्या आठवड्यापासून लागवड आणि तणकाढणी हाती घेतली जाते. ज्यांना यायचे आहे त्यांनी उद्यानाच्या कार्यालयात नाव नोंदवावे.